मावशी रंग सांगायची

मामाला दिसेनासं होतंय, हे आम्हांला कळलं ते एका आचाऱ्याच्या सुरीमुळे. तोवर मामानं ते वर्षभर लपवलं होतं.

मामा स्प्रिंगांच्या कारखान्यात एकतीस वर्षं होता, त्यातली पंचवीस भट्टीवर. ट्रकच्या, रेल्वेच्या डब्यांच्या जाडजूड स्प्रिंगा तापवायच्या आणि नेमक्या वेळी तेलात बुडवायच्या, हे त्याचं काम. वेळ घड्याळावर ठरत नसे, तापलेल्या पोलादाच्या रंगावर ठरे. तो रंग बघून मामा हात वर करायचा, मगच बाकीचे हलायचे. सगळे त्याला ‘रंगारी’ म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण त्याच्या हाताकडे टक लावून उभे असायचे. मग भट्टीवर तापमान दाखवणारं यंत्र आलं. आकडा वाचायचा आणि बटण दाबायचं, कुणालाही जमेल असं. मामाची बदली पॅकिंगला झाली. शेवटची सहा वर्षं त्यानं खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. त्याबद्दल घरी एक अक्षर बोलला नाही. फक्त त्याच वर्षी स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं स्वतःची भट्टी बांधली आणि सुऱ्या घडवायला लागला.

घरात माणसं दोनच. मामा आणि माझी थोरली मावशी. मामानं लग्न केलं नाही. मावशीनं केलं होतं, पण तीन वर्षांत ती एक बॅग आणि शिलाई मशीन घेऊन भावाकडे परत आली. का आली हे तिनं सांगितलं नाही आणि मामानंही विचारलं नाही. तिचं मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी असायचं. भिंतीपलीकडे ऐरण.

“तुझ्या घणानं माझी टीप वाकडी जाते,” ती भिंतीकडे तोंड करून ओरडायची.

“घण यायच्या आधीही वाकडीच जायची,” पलीकडून उत्तर यायचं.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला जायचे, ते या भांडणासाठीच. टीव्ही नव्हता, पण करमणुकीला काही कमी नव्हती.

मामाचा जीव दमास्कस पोलादात होता. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या. एक जात साधी, कडक. दुसरी तो लाकडाच्या वखारीतून आणायचा, मोडलेल्या करवतीच्या पट्ट्यांची. त्यात निकेल असतं, म्हणून ती शेवटी चकाकते. नऊ पट्ट्यांची चळत भट्टीत लाल करायची, वर टाकणखार टाकायचा म्हणजे आत गंज धरत नाही, मग आणखी तापवून घणाखाली एकजीव करायची. ठोकून लांबवायची, तीन तुकडे करून पुन्हा रचायची. नवाचे सत्तावीस थर, सत्तावीसचे एक्क्याऐंशी. शेवटी पातं घासून आम्लात बुडवलं की थर वर येतात, पाण्यावरच्या लाटांसारखे. ते बघून लोक हरखायचे. मामा हरखायचा नाही.

“नक्षी काय, कुणालाही दिसते,” तो म्हणायचा. “आतला एक सांधा कच्चा राहिला तर तो मात्र कुणालाच दिसत नाही. बनवणाऱ्याला तेवढा माहीत असतो.”

सांधा कच्चा राहणार की पक्का होणार, हे घण पडतानाच्या रंगावर ठरतं. थोडं कमी तापलं तर थर नुसते एकमेकांवर बसतात, धरत नाहीत. थोडं जास्त तापलं तर पोलाद जळतं.

तर, तो आचारी. एका मोठ्या खाणावळीत कामाला होता, आडदांड आणि मऊ बोलणारा. मामाच्या तीन सुऱ्या त्याच्याकडे होत्या. एका दुपारी तो चौथी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. मी तेव्हा औषधांच्या दुकानात नोकरी करत होते आणि सुट्टीच्या दिवशी दोघांची औषधं घेऊन तिकडे जायचे. त्यामुळे ते सगळं माझ्यासमोर झालं.

“काका, रागावू नका,” तो म्हणाला. “माझ्याच हातून काही झालं असेल.”

मामानं सुरी घेतली. डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठ्याचं नख त्यानं पात्यावरून धारेकडे सरकवत नेलं, आणि एका जागी ते अडकलं. तिथे केसाएवढी फट होती. थर सुटले होते आणि आत कांद्याचा काळपट रस साचला होता.

“तुझ्या हातून नाही,” मामा म्हणाला. “ठेव इथे. दुसरी देतो.”

“घाई नाही काका. होतं एखाद्या वेळेस.”

“नाही होत,” मामा म्हणाला.

आचारी गेल्यावर मामानं फळीवरच्या सगळ्या सुऱ्या काढल्या आणि एकेक करून ऐरणीच्या कडेवर आपटल्या. सात होत्या. पाच ठीक वाजल्या. दोन भद्द वाजल्या, फुटक्या मडक्यासारख्या. त्या दोन त्यानं बाजूला ठेवल्या आणि स्टुलावर बसला.

“काय झालंय तुला?” मावशीनं विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही कसं? सकाळी चहा कपाच्या बाहेर ओतलास. परवा मला दारात उभं करून ‘कोण आहे’ म्हणालास.”

तो माझ्याकडे वळून, पण माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला, “समोर बघितलं की तुझं तोंड नसतं. कान असतात.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. इंजेक्शनं घेतली तर वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. त्यांनी विचारलं, भट्टीकडे काळ्या चष्म्याशिवाय किती वर्षं बघत होतात?

“काळ्या काचेतून रंग कळत नाही,” मामा म्हणाला. त्याच्या मते एवढं उत्तर पुरेसं होतं.

मी त्याला तापमापक आणून दिला. लांब दांड्याचा, भट्टीत टोक घालायचं आणि बाहेर मोठ्या अक्षरांत आकडा दिसायचा. डोळ्यांच्या कडेनंही वाचता आला असता. त्यानं खोकं उघडलं, दांडा हातात फिरवून बघितला, पुन्हा खोक्यात ठेवला आणि खोकं कपाटाखाली सरकवलं.

“का रे?” मी विचारलं.

“याच्यामुळेच पॅकिंगला गेलो मी.”

मला राग आला. पण माझा राग त्यानं आजवर कधी मनावर घेतला नव्हता. भट्टी महिनाभर बंद राहिली. मामा दिवसभर पत्र्याच्या खोलीत बसायचा आणि जेवायला हाक मारली की यायचा. मावशीच म्हणायची, “घण वाजत नाही तर मला शिवायला होत नाही. काय बाई खोड लागली.”

आणि एका सकाळी ती दोऱ्यांची पेटी घेऊन पत्र्याच्या खोलीत गेली.

मावशीनं चाळीस वर्षं कपडे शिवले होते, त्यातली अठरा कपड्यांच्या कारखान्यात. तिच्या पेटीत दोनशेच्या वर रिळं होती. कापडाचा कपटा एकदा नजरेखालून घातला की अंधाऱ्या कपाटातून नेमकं रीळ काढायची. नुसता पिवळा म्हटलं तर तिला हसू यायचं. हळदी, लिंबू, मोतिया, केळ्याचा, उन्हाचा, असे तिच्याकडे पिवळे होते अकरा.

“तू हाण,” ती म्हणाली. “रंग मी सांगते.”

पहिल्या दिवशी वाट लागली. ती “पिवळा, पिवळा” म्हणत राहिली आणि चळतीतून चर्रकन ठिणग्या उडाल्या. बाहेर काढली तर पोलाद जळून शिळ्या पावासारखं भुगा झालेलं. मावशी घाबरून स्वयंपाकघरात पळाली. मामा हसायला लागला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना बघत होते.

“अगं, कुठला पिवळा?”

“मला काय माहीत तुला कुठला हवाय ते!”

मग दोघं पेटी घेऊन बसले. ती एकेक रीळ उन्हात धरायची आणि मामा मान वाकडी करून, कोंबड्यासारखा एका डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. शेंदरी झाला की टाकणखार. हळदीवर अजून थांबायचं. लिंबाच्या पुढे आणि मोतियाच्या अलीकडे एक फिका, लोण्यासारखा रंग होता. तो मामाचा रंग. त्या रिळाच्या बुडाला क्रमांक होता एकशे बारा. तेव्हापासून मावशी भट्टीसमोर स्टुलावर बसून नुसती ओरडायची, “एकशे बारा!” आणि त्याच क्षणी मामाची सांडशी आत जायची.

“आकडाच हवा होता, तर तापमापक काय वाईट होता?” मी एकदा चिडवलं.

“तो कारखान्याचा आहे. ही माझी बहीण आहे,” मामा म्हणाला. मावशी लाजली. साठी उलटलेल्या बाईला भावाच्या तोंडून एवढं ऐकून लाजताना मी तेवढं एकदाच बघितलं.

त्यानंतरच्या चौदा महिन्यांत त्यांनी चार सुऱ्या बनवल्या. चारच. पण मामानं त्या ऐरणीवर आपटल्या तेव्हा चारही घंटेसारख्या वाजल्या. एक आचाऱ्याला दिली. तो त्या सुरीला कुणाला हात लावू देत नाही, असं त्याच्या खाणावळीतले लोक सांगायचे. मी इथेच थांबले, तर ही एका भावाबहिणीची चांगली गोष्ट होईल. पण तसं झालं नाही.

पत्र्याच्या खोलीला एक खिडकी होती. तिच्यातून ऊन आलं की तापलेल्या पोलादाचा रंग फिका वाटतो आणि फसायला होतं. म्हणून मावशीनं स्वतःच्या हातानं खिडकीला जाड कापडाचा दुहेरी पडदा शिवला. दारही लावून घ्यायचे. आत गॅसची भट्टी, टाकणखाराची वाफ, तेलात पातं बुडवलं की उठणारा लोट, घासण्याच्या चाकाची काळी धूळ. मामा हातभर लांब उभा असायचा. मावशीला मात्र बघायचं असायचं, म्हणून तिचं तोंड भट्टीसमोर. चाळीस वर्षं कापडाची धूळ ओढलेली तिची छाती.

खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. आधी कोरडा, अधूनमधून. मग रोज. मी डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, “दोऱ्यांची धूळ आहे ती. माझ्यासोबतच म्हातारी झाली.” जिना चढताना मधे थांबायची आणि पदरानं कठडा पुसल्यासारखं करायची, म्हणजे थांबल्याचं कळू नये.

एकदा मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. भिंतीपलीकडे मावशीला खोकल्याची उबळ आली. आणि त्याबरोबर भट्टीचा आवाज वाढला. मामानं गॅस मोठा केला होता. मला वाटलं, पुढचं काम सुरू केलं असेल. पण तासाभरात हे तीनदा झालं. खोकला सुरू झाला की भट्टी घोंघावायची, खोकला थांबला की खाली यायची. मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. आत जाऊन बोलायला हवं होतं. गेले नाही. ती दोघं त्या खोलीत आयुष्यात कधी नव्हती इतकी खुशीत होती, आणि ते मोडायचं माझ्या जिवावर आलं. माझा वाटा एवढाच, पण आहे.

पुढच्या सुट्टीला मी गेले तेव्हा मावशीचे ओठ निळसर दिसत होते. आज काम नको, मी म्हटलं. एवढी एक चळत होऊ दे, ती म्हणाली. एक्क्याऐंशी थरांची शेवटची जोडणी होती. मी दारातच उभी राहिले. मामा घण घेऊन तयार, मान वाकडी, कान बहिणीकडे.

“शेंदरी,” ती म्हणाली. त्यानं टाकणखार टाकला.

“हळदी.”

मग बराच वेळ काही नाही.

“कुठे आलंय?” मामानं विचारलं. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. “रंग सांग,” तो म्हणाला. “रंग सांग ना! जळेल ते, अगं, रंग सांग!”

ती स्टुलावरून हळूच, कपडा खुंटीवरून घसरावा तशी खाली आली. मी धावले. मामाला ती पडलेली दिसली नाही. त्याच्या नजरेच्या मधल्या भोकात होती ती. तो आणखी दोनदा ओरडला, “रंग सांग!” आणि मी किंचाळले तेव्हा त्याच्या हातून घण सुटला. भट्टीत पोलाद जळून ठिणग्या उडत होत्या. गॅस मी बंद केला.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोटो दाखवले. फुफ्फुसं आतून कडक होत गेली होती. जेवढी झाली तेवढी झाली, म्हणाले, पुढचं थोडं लांबवता येईल. तेरा दिवसांनी मावशी घरी आली ती ऑक्सिजनचं यंत्र घेऊन. चाकांवरची पेटी, तिची लांब नळी, नाकात दोन टोकं. यंत्र बसवायला आलेल्या माणसानं घर फिरून बघितलं आणि पत्र्याच्या खोलीच्या दारात थांबला.

“हे चालणार नाही,” तो म्हणाला. “ऑक्सिजन आहे तिथे ज्योत नाही. ही भट्टी काढावी लागेल. शेगडीपासूनही त्यांना दहा हात लांब ठेवा.”

“काढतो,” मामा म्हणाला. तो माणूस जायच्या आत त्यानं गॅसच्या नळ्या सोडवायला घेतल्या. चाचपडत, पाना निसटून बोटं सोलवटून घेत, पण कुणाला हात लावू दिला नाही.

मावशीची खाट मशीनच्या जागी, खिडकीपाशी टाकली. मशीन आणि शेगडी पत्र्याच्या खोलीत गेली. एका दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते आणि मामा खाटेच्या टोकाशी बसला होता. यंत्र सूं-टक्, सूं-टक् करत होतं. मामा अचानक म्हणाला, “मला ऐकू येत होतं.”

“काय?” मी म्हटलं. तो माझ्याशी बोलत नव्हता.

“तुझा खोकला. मला ऐकू येत होता. मी गॅस वाढवायचो.”

मावशीनं दम घेतला. तिला एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागायचा.

“माहीत होतं मला,” ती म्हणाली. “मी कुठे थांबत होते?”

“तू थांबली असतीस तर मी थांबलो असतो.”

“नसतास थांबला.”

खोटं बोलायचं असतं तर तो तेव्हा बोलला असता. मावशीनं हात पुढे केला, पण त्याच्या नजरेच्या बरोबर मधे. त्याला तो दिसला नाही. मी उठून त्याचा हात तिच्या हातात द्यायला हवा होता. माझे हात तेलाचे होते, आणि तेवढ्यात तिनं हात मागे घेतला.

अकरा महिने ती तशी जगली. शेवटच्या आठवड्यात पुन्हा इस्पितळ. मी सकाळी नोकरीआधी जायचे, मामा दुपारी बसनं यायचा. बुधवारी दुपारी तो आलाच नाही. वॉर्डातून मला दुकानात फोन आला. मी पोहोचले तेव्हा परिचारिकेनं चादर ओढलेली होती.

मामा बसथांब्यावर सापडला. साडेबारापासून तिथे बसला होता. बसचा क्रमांक त्याला आता वाचता येत नव्हता. इतके दिवस थांब्यावर कुणी ओळखीचं भेटायचं, त्या दिवशी कुणी भेटलं नाही.

“कुणाला विचारायचं ना,” मी म्हटलं. मला तेव्हा तेच सुचलं.

“विचारणार होतो,” तो म्हणाला. “पुढच्या बसला विचारू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या.”

नऊ बस गेल्या होत्या. त्यानं आवाजावरून मोजल्या होत्या.

तो तिथे एकटा राहू शकत नव्हता. मी त्याला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणलं. यायला नाही म्हणाला नाही. घर सोडताना मी विचारलं, काय काय घ्यायचं? तो म्हणाला, दोन सदरे आणि दाढीचं सामान. ऐरण, घण, करवतीच्या पट्ट्या, सगळं आचाऱ्यानं टेम्पो आणून नेलं. कुणा शिकाऊ लोहाराला देतो म्हणाला. दिलं की नाही ते आम्ही विचारलं नाही.

आता भट्टी पेटवायला कुणाची मनाई नाही. मी एकदा बोलून बघितलं, की एक संस्था आहे, अंधांना कामं शिकवते, तिथे हातानं ओळखून धार लावण्याचं कामही असतं. त्यानं ऐकून घेतलं. “चांगलं आहे,” म्हणाला, आणि रेडिओ लावला.

माझ्याकडची सुरी बाजारातली, स्वस्तातली आहे. तिला धार नाही. परवा मी टोमॅटो चिरत होते आणि ते चिरण्याऐवजी चेंगरत होते. बोथट पात्याचा आवाज त्याला दोन खोल्यांपलीकडून कळायचा, पूर्वी. जेवण टाकून उठायचा आणि सुरी हिसकावून घेऊन जायचा. आता तो टेबलाच्या पलीकडे, हातभर अंतरावर बसला होता. ऐकत होता, हे मला दिसत होतं. काही बोलला नाही. मी तशीच चिरत राहिले.

डोळ्यांच्या इंजेक्शनाची तारीख दर दोन महिन्यांनी येते. दवाखान्यातून फोन येतो, मी त्याला विचारते. डॉक्टरीणबाई म्हणतात, कडेचं जे उरलंय ते तरी राहील.

“नको,” तो म्हणतो. “त्यांना सांग, मी बाहेरगावी गेलोय.”

मी तसं सांगते.